तीनचा फोन

आमच्या बिल्डिंगीत दुपारी तीनला इंटरनेट बंद व्हायचं. वीज गेलेली नसायची, केबलही तुटलेली नसायची. तळमजल्यावर राहणाऱ्या घरमालकीणबाई, भामाकाकू, उठून भिंतीवरचं बटण दाबायच्या, म्हणून बंद व्हायचं. मी त्यांची दुसऱ्या मजल्यावरची भाडेकरू. भाड्यातच वायफाय मिळेल असं ठरलं होतं, आणि मी मूळची सांगलीची, ठरलेलं मिळालंच पाहिजे असं मानणारी. घरी बसून भाषांतरं करते. औषधांच्या डब्यांत जो घडी घातलेला कागद असतो आणि जो कोणीही वाचत नाही, तो मराठीत मी आणते. राहायला आले त्याच आठवड्यात ऐन कामात स्क्रीनवर चक्र फिरायला लागलं, तशी मी तणतणत जिना उतरले.

दार उघडंच होतं. भामाकाकू खुर्चीत बसल्या होत्या, सत्तरी ओलांडलेल्या, कपाळावर हिरवं गोंदण, कासोट्याचं लुगडं, पाय समोरच्या स्टुलावर. शेजारच्या तिवईवर लाल रंगाचा जुना फोन. मी तोंड उघडणार इतक्यात त्यांनी बोट वर केलं. वर्गात बाई करतात तसं. मी चाळिशी उलटलेली बाई, पण गप्प बसले.

फोन वाजला. त्यांनी रिसीव्हर उचलला आणि हॅलो नाही, कोण नाही, एकदम गायला सुरुवात केली.

“मांडवाच्या दारी कोन आयलं गो, कोन आयलं...”

रिसीव्हरमधून दुसरा आवाज आला, पातळ, थोडा कापरा, पण सुरात चोख.

“गनपती आयला गो, गनपती आयला...”

मग भामाकाकूंनी पुन्हा विचारलं, कोण आलं. तिकडून उत्तर आलं, गावदेवी आली. असं बराच वेळ चाललं. विचारायच्या ह्या, सांगायची ती. मी दारातच उभी होते. गाणं संपल्यावर भामाकाकू फोनमध्ये म्हणाल्या, “जेवलीस का गो? काय जेवलीस?” तिकडून काहीतरी उत्तर आलं. “बरं, झोप आता.” फोन ठेवला, उठल्या, पाय ओढत भिंतीपर्यंत गेल्या, बटण दाबलं. मग माझ्याकडे वळल्या.

“आयला तुजा नेट. जा, काम कर.”

भांडण करायचं राहूनच गेलं. नंतरही कधी जमलं नाही. भामाकाकूंशी भांडायला जाणारी माणसं सुकट, कैऱ्या, तांदळाच्या भाकऱ्या असलं काहीतरी हातात घेऊन परत यायची.

त्या धवलारीण होत्या. आगऱ्यांच्या लग्नात भटजी मंत्र म्हणतात ते त्यांच्या जागी, पण मांडवात देव बोलावणं, घरातली गेलेली माणसं नावं घेऊन बोलावणं, हळदीची, तेलाची, पाण्याची गाणी म्हणणं हे काम धवलारणीचं. ती गाणी म्हणजे धवले. पनवेलपासून उरणपर्यंत कितीतरी मांडवांत भामाकाकू बसल्या होत्या, आणि प्रत्येक मांडवात त्यांच्या डाव्या हाताला दमयंती बसली होती. धवल्यात पुढची ओळ एकजण म्हणते, मागची दुसरी धरते. पुढची नेहमी भामाकाकूंची, मागची नेहमी दमयंतीची. चाळीस वर्षांत एकदाही उलट झालं नाही, हे भामाकाकू अभिमानाने सांगायच्या. दमयंतीला काय वाटायचं ते तिला कोणी विचारलं नसणार.

“ती पुढं म्हनू शकत नाय का?” मी एकदा विचारलं.

“म्हनंल की. पन मग मागं कोन म्हनंल? मी?” आणि त्या अशा हसल्या की जणू मी त्यांना रिक्षा चालवता का असं विचारलं होतं.

नाकावर माशी बसू न देणारी बाई. नवरा तुळशीराम गेला, शेतावर बिल्डिंग उभी राहिली आणि मुलाने, हरेशने, तिला ‘तुळशी’ असं बापाचं नाव दिलं, तरी सगळी गल्ली तिला भामाची बिल्डिंगच म्हणायची. त्यांचा एक नियम होता, धवलारणींचा सगळ्यांचाच असतो म्हणे, पण ह्यांनी तो फारच मनावर घेतला होता. बोलावल्याशिवाय जायचं नाही. घरचं माणूस येऊन, पानसुपारी पुढे ठेवून आवतण देईल तेव्हाच धवलारणीने उंबरा ओलांडायचा. सख्ख्या पुतणीच्या लग्नाला आवतण यायला उशीर झाला, तर ह्या दारात नेसून तयार बसून राहिल्या होत्या, हळद खोळंबली तरी उठल्या नाहीत. मनिषा, त्यांची सून, हा किस्सा सांगताना अजून डोक्याला हात लावते.

पुढे भामाकाकूंचा खुबा मोडला, आणि दमयंतीमावशी रोह्याला मुलीकडे, दिपाकडे राहायला गेली. तिला विसरायला होऊ लागलं होतं. आधी भांडी कुठे ठेवली ते, मग गॅस, मग माणसं. जावयाला ती पोस्टमन समजायची. दिपालाही कधीकधी “तू कुनाची गो?” असं विचारायची. पण दुपारी तीन वाजता, दिपाच्या घरातल्या जुन्या फोनजवळ जाऊन ती एक नंबर फिरवायची. बघायची नाही, बोटंच जायची. तो नंबर भामाकाकूंचा. लग्नाच्या सुपाऱ्या ठरवायला दोघींनी वर्षानुवर्षं वापरलेला. डोक्यातनं सगळं गळालं तरी बोटांत तेवढा राहिला होता.

मोबाइलवरून हे जमत नाही. मनिषाने करून बघितलं होतं. व्हिडिओ लावला तर दमयंतीमावशी पडद्यातल्या बाईला घाबरली, आणि मोबाइलवर आवाज उशिरा पोचायचा, पुढची ओळ मागच्या ओळीवर चढायची. तारेच्या फोनवर सूर जिथल्या तिथे पडायचा.

आता बटणाचं. नेटही त्याच टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून यायचं. मधे एक छोटी डबी असायची, आवाज आणि नेट वेगळं करणारी, ती कधीतरी जळली आणि कोणी बदलली नाही. त्यामुळे राउटर चालू असला की फोनमध्ये गिरणीसारखी घरघर. राउटर बंद केला की आवाज काचेसारखा स्वच्छ. म्हणून तीनला दोन मिनिटं असताना भामाकाकू राउटरचं बटण बंद करायच्या, आणि फोनजवळ येऊन बसायच्या. त्या वेळात रिसीव्हरला कोणी हात लावायचा नाही. उचललेला असला आणि तेवढ्यात तिकडून नंबर फिरला, तर दमयंतीला टूंटूं ऐकू येईल, ती गोंधळेल, हे भय. मी माझा चहा तीन वाजता ठेवायला शिकले. सांगलीची ठरलेलं घेणारी जात, पण एवढं मी सोडलं.

ते नेट मात्र दिवसेंदिवस बिघडत गेलं. रस्ता रुंद करायला खणला की तार तुटायची, जोडली की पुन्हा तुटायची. टेलिफोनवाले स्वतःच सांगायला लागले की तांब्याचे दिवस संपले, फायबर घ्या. हरेशला पाहिजेच होतं, मला तर फारच पाहिजे होतं. घोडं अडलं भामाकाकूंपाशी.

“नंबर जाईल,” त्या म्हणाल्या.

“नाही जाणार, आई,” मनिषा म्हणाली. “कंपनी तीच आहे. नंबर तोच देतात.”

“कोन म्हनला?”

“ऑफिसात लिहून दिलंय.”

“लिवून तर सगलेच देतात. ज्याला तार वढायचीय त्याला माज्यासमोर उभा कर.”

म्हणून कुंदन आला. नेऱ्याचा, फायबरची कामं करणारा, खांद्यावर काळ्या केबलचं भेंडोळं. भामाकाकूंनी त्याला आधी खुर्चीत बसवलं, बापाचं नाव विचारलं, आईचं माहेर विचारलं. माहेर करंजाड्याचं निघालं, तेव्हा कळलं की त्याच्या आईच्या लग्नातही ह्याच दोघी गायल्या होत्या. मग कुठे मुद्द्यावर आल्या.

“माजा नंबर गेला तं?”

“नाय जायचा, आजी. नंबर तोच ऱ्हाईल, मी लिवून देतंय.”

“लिवून नको. आयची शपथ घे.”

त्या पोराने खरंच गळ्याला चिमटा धरून शपथ घेतली. मग केसासारखी काचेची तार भिंतीतून आत आणली, पांढरा डबा बसवला, त्यावर हिरवे दिवे लागले. लाल फोनची पिन त्याने जुन्या खोबणीतून काढून डब्याच्या मागे लावली. “आता फोन ह्या डब्यातनं चालंल,” तो म्हणाला. “एक हाय, लाईट गेली की फोनपन जाईल. पयल्यासारका नाय.” भामाकाकूंनी हात झटकला. “दुपारची लाईट नाय जात आमच्याकडं.” आणि त्या दिवसापुरता विषय संपला. कुंदनने स्वतःच्या मोबाइलवरून नंबर लावून दाखवला. लाल फोन वाजला. भामाकाकूंनी रिसीव्हर कानाला लावून ऐकलं आणि म्हणाल्या, “घरघर नाय.” त्या खूश झाल्या म्हणजे एवढंच बोलतात. कुंदन भाकरी आणि कालवण जेवून, घरी न्यायला आंबोशी घेऊन गेला.

नेट असं धावायला लागलं की माझे कागद मी मागायच्या आधी उतरायचे. फक्त तीन वाजता ते बंद पडायचं. मला हसू आलं. म्हातारीची सवय, म्हटलं, जाता जाता जाईल. चहा ठेवत होते तो ठेवत राहिले.

दोन-चार दिवसांनी मनिषा जिन्यात भेटली. ती नवीन पनवेलला एका डॉक्टरकडे कामाला जाते, संध्याकाळी परतते. म्हणाली, “ताई, आईंचं काहीतरी बिनसलंय. जेवत नाहीत धड.”

“आजारी आहेत का?”

“दमयंतीमावशींचा फोन येत नाहीये.”

हरेशने सकाळी रिसीव्हर उचलून पाहिला होता, आवाज येत होता. मनिषाने रात्री स्वतःच्या मोबाइलवरून लावून पाहिला होता, वाजत होता. नंबर तोच, फोन चांगला, मग एकच अर्थ उरत होता आणि तो घरात कोणी तोंडाने बोलत नव्हतं. दमयंतीच्या बोटांतूनही आता तो नंबर गळाला असणार.

मी खाली गेले. भामाकाकू खिडकीशी बसून लसूण सोलत होत्या. मी सरळच म्हटलं, “काकू, तुम्हीच लावा ना फोन.”

“मी नाय लावत. तिचा येतं.”

“पण येत नाहीये ना.”

“नाय येत तं नाय येत.”

“अहो, हे काय लग्न आहे का आवतणाशिवाय न जायला?”

एरवी त्यांनी मला झाडलं असतं. तेव्हा नुसता लसूण बाजूला ठेवला. बोटांना चिकटलेली सालं काढत बसल्या.

“समज, मी लावला,” त्या हळू म्हणाल्या, “आनि ती म्हनली, कोन भामा? तं मी काय करू, सांग.”

मी माणसांच्या विसरण्यावरच्या गोळ्यांचे कागदही मराठीत आणले आहेत, दुष्परिणामांसकट. त्यांत ह्याचं उत्तर नसतं. मला त्या क्षणी भामाकाकूंची फार माया वाटली आणि स्वतःचा राग आला, कारण सगळ्यांत जास्त घाई ह्या फायबरची मला झाली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांचा भाकरीचा डबा परत द्यायला म्हणून दुपारी खाली गेले. खरं म्हणजे त्या वेळेला एकट्या असू नयेत म्हणून. मला बघून त्यांनी नेहमीचं बोट वर केलं आणि मी बसले. घड्याळाकडे बघत त्या उठल्या, भिंत धरत धरत गेल्या आणि पांढऱ्या डब्याचं बटण बंद केलं. हिरवे दिवे विझले. मग खुर्चीत बसून, लाल फोनकडे बघत, दोन्ही हात मांडीवर ठेवून वाट पाहू लागल्या.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नेट तीनला जातं हे मला ठाऊक होतं, फोन तीनला येत नाही हेही ठाऊक होतं, आणि इतके दिवस मी मजेत चहा पीत होते!

“काकू,” मी म्हटलं, “रिसीव्हर उचला.”

“आता नाय उचलायचा. लायनीवर असंल ती.”

“एकदा उचला माझ्यासाठी.”

माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी उचलला. कानाला लावला. हलवून पुन्हा लावला.

“काय बी नाय,” त्या म्हणाल्या.

“नसणारच. फोन आता त्या डब्यातून चालतो. डबा बंद केला की फोन मेला. पूर्वी तार बाहेरून जिवंत यायची, आता नाही. कुंदन म्हणाला होता ना, लाईट गेली की फोन जाईल. बटण बंद म्हणजे फोनच्या दृष्टीने लाईट गेलीच.”

मी जाऊन बटण चालू केलं. दिवे एकेक करून लागले, सगळे हिरवे व्हायला बराच वेळ लागला. त्यांनी कानाला लावलेला रिसीव्हर काढला नव्हता. मग आवाज आला असणार, कारण त्यांचा चेहरा बदलला.

“म्हनजे ती लावीत व्हती,” त्या म्हणाल्या.

“लावतच असणार.”

“आनि मीच दार लावून बसले व्हते.” त्यांनी रिसीव्हर सावकाश जागेवर ठेवला आणि पदराने डोळे पुसले. उघडउघड रडल्या. मी पाणी आणून दिलं. नंतर त्यांनी मला वर पाठवलं, बटणावर स्वतः चिकटपट्टी लावली, आणि संध्याकाळी मनिषाला सांगितलं की ह्या बटनाला हात लावील त्याचा हात मोडून ठेवीन.

पण दुसऱ्या दिवशी तीनला फोन आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. नेट चालू, फोन जिवंत, भामाकाकू खुर्चीत, आणि घरात चिडीचूप. मला वर बसवेना. मनिषाकडून दिपाचा मोबाइल नंबर घेतला आणि संध्याकाळी, ती अंगणवाडीतून घरी आल्यावर, मीच तिला फोन केला.

सगळं ऐकून दिपा म्हणाली, “अगं बाई! म्हणून होय!”

दुपारी ती घरी नसते. आई तीनला नंबर फिरवायची तेव्हा शेजारीण लक्ष ठेवायची. शेजारणीने सांगितलं ते असं. आईने फोन फिरवला तर भामाच्या आवाजाऐवजी तिकडून कोणी अनोळखी बाई बोलली, की आपण ज्यांना फोन केलाय ते आता उपलब्ध नाहीत. दुसऱ्या दिवशी तीच बाई, तेच बोलणं. चौथ्या का पाचव्या दिवशी आईने फोन ठेवला, शेजारणीला म्हणाली, “भामा गेली. तिच्या घरातली बाय रोज सांगतेय, नाय म्हनून.” आणि उठून डोक्यावरून आंघोळ केली. जवळचं माणूस गेल्याचं कळलं की करतात तशी. त्यानंतर फोनला हात लावला नाही.

“मला वाटलं, आईचं नेहमीसारखंच काहीतरी,” दिपा म्हणाली. “पण गातेय अजून. तीन वाजले की भिंतीला टेकून बसते आणि म्हणते. एकटीच.”

“मागची ओळ?”

“दोन्ही म्हणते. पुढची पण.”

मी खाली जाऊन हे सगळं भामाकाकूंना सांगितलं. आंघोळीचं ऐकून त्या हसल्या, इतक्या हसल्या की खुबा धरावा लागला. “माज्या नावानं आंगोल केली रांडेनं!” पुढच्या ओळीचं सांगितलं तेव्हा मात्र हसू थांबलं.

“पुढची म्हनतेय?”

“हो.”

“चुकत असंल,” त्या म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता.

दिपाने ठरवलं होतं की रविवारी ती घरी असेल, तर तीन वाजता तीच नंबर लावेल आणि रिसीव्हर आईजवळ ठेवेल. आईला काही सांगणार नाही, भामा मेलीय आणि भामाचा फोन आलाय हे दोन्ही एकदम तिच्या डोक्यात कसं मावणार. भामाकाकूंनी हे मान्य केलं. फोन तिकडून येणार होता, तेवढं त्यांना पुरलं.

रविवारी मनिषा घरी होती, हरेशही होता. भामाकाकूंनी सकाळीच नवं लुगडं नेसून घेतलं, मांडवाला जाताना नेसायच्या तसं, आणि कोणी काही म्हणालं नाही. तीनला फोन वाजला. त्यांनी उचलला, आणि मनिषाने फोनवरचं स्पीकरचं बटण दाबून आवाज खोलीभर सोडला.

पहिल्यांदा नुसता पंखा ऐकू आला, रोह्याच्या घरातला. मग लांबून, भिंतीकडून, तो पातळ आवाज.

“मांडवाच्या दारी कोन आयलं गो, कोन आयलं...”

ही भामाकाकूंची ओळ. त्या ताठ झाल्या. दमयंती ती म्हणत होती, चूक कुठेच नव्हती, फक्त जरा बिचकत, दुसऱ्याच्या घरात भांडं शोधावं तशी. मग तिनेच उत्तर दिलं, गणपती आला. पुन्हा तिनेच विचारलं, गावदेवी आली. देव संपले तशी गेलेली माणसं आली. तिचा नवरा आला. मग म्हणाली, तुळशीराम आयला गो. हरेशने मान खाली घातली. आपल्या बापाचं नाव त्या गाण्यात असतं हे त्याला माहीत नसावं.

आणि मग:

“मांडवाच्या दारी कोन आयलं गो, कोन आयलं...”

“भामा आयली गो, भामा आयली...”

धवल्यात देवाचं नाव एकदाच घेतात, गेलेल्या माणसाचं दोनदा. एकदा बोलावताना, एकदा ती व्यक्ती मांडवात येऊन बसली म्हणून. त्यामुळे दमयंतीने पुन्हा विचारलं, कोण आलं. आणि श्वास घ्यायला थांबली.

भामाकाकूंनी आयुष्यात मागची ओळ कधी म्हटली नव्हती. डोळे मिटले आणि म्हटली.

“भामा आयली गो... भामा आयली...”

तिकडे पंखा फिरत राहिला. कोणीतरी सरपटत जवळ आल्यासारखं वाजलं. मग आवाज अगदी फोनच्या तोंडाशी आला.

“कोन गो?”

“मी. भामा.”

“तू तं गेलीस.”

“नाय गेले. डबा बंद व्हता.”

दमयंतीमावशी विचारात पडली असावी. डबा कुठला आणि तो बंद होता म्हणजे काय, हे तिला कळण्यासारखं नव्हतं, आणि तिने विचारलंही नाही.

“मी आवतन दिला रोज,” ती म्हणाली. “लय येल लावलास यायला.”

“व्हय. लावला.”

“मग आता पुढं तू म्हन. पुढची वल तुजीच हाय.”

भामाकाकूंनी फोन दोन्ही हातांनी धरला.

“नको,” त्या म्हणाल्या. “तू म्हन. मी हाय मागं.”